सुई की सुरी

१२ जानेवारी

विहीणबाई,

फोन सोडून पत्र लिहितेय, म्हणजे काहीतरी भानगड आहे हे तुम्ही ओळखलंच असेल. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं, आणि ते अर्धं तुम्ही खात्री करून घ्यायला मोठ्याने परत म्हणता. तुमच्या सोफ्यांच्या कारखान्यात मशीनवर बसणाऱ्या दोघी आणि शेजारचा कुलूपवाला, सगळ्यांना माझी बातमी एका दमात कळली असती. ही बातमी तूर्त फक्त तुमच्यासाठी आहे. तेव्हा हे पत्र मनातल्या मनात वाचा, ओठ न हलवता.

ते परत आलंय. दोन वर्षांपूर्वी लिव्हरच्या आतल्या पित्तनळीचा जो कॅन्सर कापून काढला होता, तोच. नेहमीच्या तपासणीच्या स्कॅनमध्ये उरलेल्या लिव्हरमध्ये एक गाठ दिसली, टपोऱ्या द्राक्षाएवढी. तुकडा काढून तपासला, शंका उरली नाही. दुसरीकडे कुठे पसरलेलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं. मला स्वतःला काहीच जाणवत नाही. सकाळी तलावावर पोहणं शिकवायला जाते, पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या विद्यार्थिनींना कठडा सोडायला लावते, त्या किंचाळतात, मी ओरडते, सगळं जसंच्या तसं चाललंय.

आता मुद्दा. तुमची लेक आणि माझा मुलगा पुढच्या महिन्यात नव्या गावी निघालेत. तिला नदीवरच्या पुलाचं काम मिळालंय, साइटची मुख्य म्हणून, हे तुम्हाला मी काय सांगायचं! पण मागच्या वेळी असंच काम तिच्या हाताशी आलं होतं. माझं ऑपरेशन निघालं आणि तिने ते सोडून दिलं, ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या पुलांचे नकाशे तपासत राहिली. एका शब्दाने कधी बोलून दाखवलं नाही. तेच मला जास्त लागलंय. माझ्या लिव्हरपायी तिचा पूल परत बुडू देणार नाही.

हॉस्पिटलात म्हणाले, दोन वाटा आहेत. एक, पुन्हा पोट उघडून तेवढा भाग कापायचा. दुसरी, बाहेरून एक लांब सुई थेट गाठीत घालायची आणि उष्णतेने ती जागच्या जागी जाळून टाकायची. अ‍ॅब्लेशन म्हणतात त्याला. ऑपरेशन म्हटलं तर आधी हॉस्पिटलात मुक्काम आणि नंतर महिनोन्‌महिने पोट धरून चालणं, आठवतंय ना? सुईवाले लोक एक-दोन रात्रींत घरी येतात. मी सुई ठरवली.

मुलांना सांगायचं की मी तुमच्याकडे हवापालटाला गेलेय. खरं म्हणजे तुम्ही इकडे यायचं, हॉस्पिटलात माझ्या जवळची बाई म्हणून सही करायची आणि मला परत घरी सोडायचं. हॉस्पिटल गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, आमच्याकडचं कोणी तिकडे फिरकत नाही. चेहरा हवापालट झाल्यासारखा करून मी घरी येईन. तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ आहे, लेकीला एक अक्षर सांगायचं नाही.

याल ना?

तुमच्या जावयाची आई

१९ जानेवारी

विहीणबाई,

पत्र ओठ न हलवता वाचलं. वाचून झाल्यावर एका खुर्चीची पाठ उलटी शिवली. गिऱ्हाइकाने विचारलं तेव्हा हीच सध्याची फॅशन म्हणून सांगितलं. घेऊन गेला बिचारा.

फार वाईट वाटलं. ते इथे लिहीत बसत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. आता भांडते.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. सुईने तुम्ही जास्त चांगल्या बऱ्या व्हाल, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. सुईने लवकर घरी येता येतं, एवढंच आहे. अहो, ही तुम्ही इलाजाची निवड केलीत की लपायच्या जागेची? उद्या ते म्हणाले की कपाटात बसल्याने कोणाला कळत नाही, तर कपाटात बसाल काय?

ज्या सर्जनने मागच्या वेळी ऑपरेशन केलं त्याला भेटलात का? नसणार. तो नाही म्हणेल ही भीती. आधी त्याला भेटा. मग सुई घालणाऱ्या डॉक्टरला भेटा. दोघांना एकच विचारा: हे दोन इलाज कोणी शेजारी शेजारी ठेवून बघितलेत का, आणि बघितले असतील तर त्या माणसांचं पुढे काय झालं? माझ्यासारखीला विचाराल तर मी कापाच म्हणेन. आत काहीतरी जळकं उरलंय ही कल्पना मला सोसत नाही. एकदा उघडावं, नको ते उपटून काढावं, बंद करावं. पण माझ्या मताला काय किंमत? मी सोफे शिवते.

राहिली शपथ. तुम्ही मला माझ्याच लेकीशी खोटं बोलायला सांगताय. ती लहानपणापासून माझ्या पावलांवरून ओळखते की दूध उतू गेलंय. तरी गप्प राहीन, कारण गळा तुमचा आहे. किती दिवस, ते विचारू नका.

येणार का म्हणून विचारलंत, त्याचा राग वेगळा आहे. तो भेटल्यावर.

तुमच्या सुनेची आई

२८ जानेवारी

विहीणबाई,

कपाटाचं वाचून आधी मी तुमच्यावर भयंकर चिडले. मग तलावात भरपूर पोहून आले, चिडणं विरलं, आणि सर्जनला फोन करून वेळ घेतली.

मला वाटलं होतं, हा माणूस सुरी परजूनच बसला असेल. तर तो बिस्किट खात बसला होता. मलाही एक दिलं. मग पडद्यावर माझं लिव्हर लावलं आणि म्हणाला, "परत उघडता येईल. पण मागच्या ऑपरेशनमुळे आत सगळं एकमेकांना चिकटलेलं असणार. ते सोडवण्यातच निम्मा वेळ जातो आणि धोकाही तिथेच असतो. शिवाय तुमच्याकडे जे लिव्हर उरलंय ते जपून वापरायला हवं."

तुमचा प्रश्न मी शब्दशः विचारला. शेजारी शेजारी ठेवून बघितलंय का?

"प्रश्न चांगला आहे," तो म्हणाला. "चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना सुई आणि निम्म्यांना सुरी, अशी सरळ तुलना या आजारात मला तरी दाखवता येणार नाही. आमच्याकडे आहेत त्या जुन्या पेशंटांच्या हकिकती, मागे वळून जमवलेल्या. त्यात ज्यांची गाठ लहान त्यांना बहुतेक सुई मिळाली, जे धडधाकट होते त्यांना सुरी. मग कोण कशामुळे जास्त जगलं हे छातीठोक कसं सांगणार? तरी सगळं जमेला धरलं तर, गाठ लहान असेल तेव्हा आयुष्य दोन्हीकडे साधारण सारखंच दिसतं. सुईचा त्रास कमी, माणूस लवकर उठतं. पण त्याच जागी, कडेला, परत उगवायची शक्यता सुईनंतर जास्त. तसं झालं तर परत सुई घालावी लागते. गाठ मोठी असती तर मी सुरीच म्हटलं असतं."

"आणि माझी?"

"तुमची लहान आहे. मी तुम्हाला सुईवाल्या बाईंकडे पाठवतो."

मी मनात म्हटलं, जिंकले! विहीणबाईंना आज तार करावी. पण थांबा.

सुईवाल्या डॉक्टरीणबाई म्हणजे एक तरुण मुलगी. अंधारलेल्या खोलीत चार पडद्यांसमोर बसलेली, खांद्यावर शाल, कारण यंत्रांसाठी ती खोली थंडगार ठेवलेली असते. तिने माझा स्कॅन इकडून तिकडे फिरवला, पुढे-मागे केला. मग म्हणाली, "आजी, मी लगेच हो म्हणणार नाही."

आजी! तिला मी पुढच्या वेळी तलावात उतरवते आणि दाखवते आजी कोण ते.

तर म्हणाली, "गाठीच्या शेजारून एक मोठी रक्तवाहिनी जाते. वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं, मग त्या बाजूची कड नीट जळत नाही, कच्ची राहते. दुसरं, पित्ताची मोठी नळी किती लांब आहे ते या स्कॅनमध्ये मला स्पष्ट दिसत नाही. ती भाजली तर नवीनच दुखणं मागे लागेल. आणखी बारीक स्कॅन काढू. मी आणि सर्जन एकत्र बसून बघू. तोवर थांबा."

आता याला काय म्हणावं? ज्याच्या हातात सुरी आहे तो सुईचं बोलतो आणि जिच्या हातात सुई आहे ती सुरीची शक्यता सांगते. बाजारात कधी बघितलंय का, की एक दुकानदार म्हणतो शेजाऱ्याकडे घ्या आणि शेजारी म्हणतो नको नको, त्याच्याकडेच घ्या? मी कॉरिडॉरमध्ये येऊन एकटीच हसले. एक वॉर्डबॉय घाबरून बघायला लागला.

मुलांना काही कळलेलं नाही. घरात खोक्यांचा डोंगर झालाय. मी त्यांच्या वाटेतच येत नाही. लवकर जेवून घेते आणि खोलीचं दार लावते, म्हणजे माझा चेहरा दिसायला नको. सूनबाईही हल्ली फार बोलत नाही. तिच्या पुलाच्या विचारात असते. तेच बरं आहे.

स्कॅनची तारीख मिळाली की कळवते. बॅग भरून ठेवा.

तुमच्या जावयाची आई

३ फेब्रुवारी

विहीणबाई,

हे पत्र कुरिअरने पाठवतेय, उद्या सकाळी तुमच्या हातात पडेल. सही करून घ्या आणि उभ्या उभ्या वाचा.

लेक इथे येऊन गेली. न कळवता आली. मी एका जुन्या आरामखुर्चीचं कापड सोडवत होते. ती समोर स्टुलावर बसली, पक्कड घेतली आणि लहानपणी बसायची तशी खिळे उपटायला लागली. मग म्हणाली, "आई, त्या माझ्यावर रागावल्यात."

"कोण?"

"कोण काय? सासूबाई. जायचं ठरल्यापासून त्या माझ्याबरोबर जेवायलाही बसत नाहीत. मी खोकी भरत असले की तोंड फिरवून खोलीत जातात. दार लावून घेतात. मागच्या वेळी मी काम सोडलं त्याचं मला काही नाही गं. पण या वेळी निघाले तर त्यांना इतकं लागावं? मला त्यांच्या घरातून असं पाय आपटत निघून जाणं जमणार नाही. मी सोमवारी साहेबांना नाही म्हणून सांगणार आहे."

ऐकलंत? तिचा पूल बुडू नये म्हणून तुम्ही दार लावलंत, आणि त्या दारामुळेच तो बुडायला निघालाय.

तुमची शपथ मी पाळली. कशी पाळली ते माझं मला माहीत. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी म्हटलं, "मला नीट ऐकू नाही आलं गं, मशीन चालू आहे," आणि आत गेले. मशीन बंद होतं. तिला ते दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या कानांचा उपयोग झाला आणि पहिल्यांदाच त्यांची लाज वाटली.

सुरीचा माझा हट्ट मी सोडला, हे सांगायचं राहिलं. जी दोन माणसं आपापल्या हत्याराची फुशारकी मारत नाहीत त्यांच्यावर मी विश्वास ठेवीन. त्यांना ठरवू द्या. सुई घ्या, सुरी घ्या, मी पायाशी बसून राहीन. पण सोमवारच्या आत त्या मुलीशी बोला. तुम्ही बोलला नाहीत तर मी बोलणार. गळ्याचं जे व्हायचं ते होवो.

तुमच्या सुनेची आई

८ फेब्रुवारी

विहीणबाई,

बोलले.

तुमचं पत्र दारातच वाचलं आणि तशीच मुलांच्या खोलीकडे गेले. सूनबाई एका खोक्याला चिकटपट्टी लावत होती. मी मनात पुष्कळ वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आलं नाही. म्हटलं, "मी रागावलेली नाहीये. मला परत कॅन्सर झालाय."

ती खोक्यावर मटकन बसली. खोक्यात कपबश्या होत्या. पुढचा आवाज तुम्हाला कानांनी नाही तरी मनाने ऐकू येईल.

मग ती रडली, आणि रडता रडता अशी काही चिडली की मी पहिल्यांदाच तिचा साइटवरचा आवाज ऐकला. "इतके दिवस मला वाटत होतं मी तुम्हाला नकोशी झालेय! मी रात्ररात्र विचार केला माझं काय चुकलं! आणि तुम्ही तिकडे एकट्या स्कॅनला जाताय?" मी तिला जवळ घ्यायला गेले तर म्हणाली, "थांबा, माझं चिडून संपलेलं नाही." संपल्यावर स्वतःच आली.

मुलगा दारात उभा होता. त्याची रीत तुम्हाला ठाऊक आहे, दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं या भाषेतून त्या भाषेत नेतो आणि स्वतःचं एक वाक्य बोलायला त्याला अर्धा तास लागतो. शेवटी म्हणाला, "हे आणखी कोणाला माहीत होतं?"

"फक्त तुझ्या सासूबाईंना."

सूनबाईने डोळे पुसता पुसता मान वर केली. "म्हणून आईला ऐकू आलं नाही!" आणि मग आम्ही तिघंही फुटक्या कपबश्यांच्या मध्ये बसून हसत सुटलो. या घरात इतके दिवस कोणी हसलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

अर्थात लगेच तिने काम सोडायची भाषा काढली. मी कडक नाही म्हटलं. तर मला म्हणते, "हे तुम्ही ठरवायचं नाही. लिव्हर तुमचं, पूल माझा. दोन्हीचं एकत्र बसून ठरवू." आणि ठरवलंही. तिने साहेबांना फोन करून रुजू व्हायची तारीख माझ्या इलाजानंतरची मागून घेतली. मागितली आणि मिळाली, इतकं सोपं होतं ते! मुलगा मी हिंडूफिरू लागेपर्यंत इथेच राहणार. त्याला टेबल आणि खुर्ची मिळाली की कुठेही चालतं.

काल आम्ही तिघं हॉस्पिटलात गेलो. दोन्ही डॉक्टर एकाच टेबलाशी बसले होते. नव्या स्कॅनमध्ये पित्ताची मोठी नळी चांगली लांब दिसली, तिकडची काळजी मिटली. रक्तवाहिनी मात्र जवळच आहे. सूनबाईने त्यांना असे प्रश्न विचारले की जणू त्यांनी बांधलेल्या पुलावरून ट्रक न्यायचा आहे. "रक्तवाहिनीच्या बाजूची कड कच्ची राहिली तर?"

"राहू शकते," सुईवाल्या डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून त्या बाजूला सुई दोनदा लावू. तरी राहिली तर पुढच्या स्कॅनमध्ये दिसेल, आणि लहान असतानाच परत जाळता येईल. तपासणी मात्र चुकवायची नाही."

सर्जन म्हणाला, "आणि सुईने भागलं नाही तर मी आहेच. आज सुई घातली म्हणून उद्याची सुरी बंद होत नाही. आज सुरी घातली तर लिव्हरचा आणखी एक तुकडा कायमचा गेला."

मला हे पटलं. विहीणबाई, खरं सांगते, आता लपवायचं काही उरलं नव्हतं, तेव्हा सुरीकडेही मी सरळ डोळ्यांनी बघितलं. हवी असती तर घेतली असती. सुईच घेतेय, पण या वेळी ती लवकर घरी सोडते म्हणून घेत नाही.

येत्या गुरुवारी. या आता.

तुमच्या जावयाची आई

१५ मार्च

विहीणबाई,

सुखरूप पोचले. कारखान्यातल्या मुलींनी माझ्या मागे एक अख्खा सोफा नीट शिवून दिलाय, त्यामुळे माझं इथे फारसं अडत नाही हे कळून जरा मन खट्टू झालं.

तुमच्या घरी असताना एक गोष्ट बोलले नाही. सुई घातली त्या दिवशी तुम्हाला बाहेर आणलं तेव्हा मी चादर जराशी बाजूला करून बघितली. मागच्या वेळची ती पोटभर शिवण मला आठवत होती. या वेळी बरगड्यांच्या खाली एवढीशी पट्टी. मला वाटलं, काही केलंच नाही यांनी. डॉक्टरणीला विचारणारही होते. मग संध्याकाळी तुमचा खांदा दुखायला लागला, ताप चढला, उलट्या झाल्या, तेव्हा माझी खात्री पटली की बाईंनी मन लावून काम केलंय. एक-दोन रात्री म्हणाले होते त्या जरा लांबल्या. तुम्ही तापातही नर्सला श्वास कसा घ्यायचा ते शिकवत होतात. ती बाहेर येऊन मला म्हणाली, "या बाई घरी कधी जाणार?" मी म्हटलं, "तुम्हाला पोहता आलं की."

आणि लेक. ती रात्री तुमच्या पलंगाशी खुर्चीत झोपायची, मला माहीत आहे. सकाळी मी डबा घेऊन यायचे तेव्हा तुम्ही दोघी भांडत असायचात, खिडकी उघडी ठेवायची की बंद. मी दाराबाहेर थोडी थांबायचे. मला शब्द कळायचे नाहीत, सूर कळायचा. बरं वाटायचं.

काल तिचा साइटवरून फोन आला. आजूबाजूला इतका गोंगाट होता की तिला माझं आणि मला तिचं काही कळलं नाही. दोघी ओरडत होतो. शेजारचा कुलूपवाला म्हणतो, पुलाचं काम जोरात दिसतंय.

स्कॅनचं कळवा.

तुमच्या सुनेची आई

२१ नोव्हेंबर

विहीणबाई,

तुम्हाला मधल्या दोन स्कॅनचं फोनवर सांगितलं होतं, दोन्ही स्वच्छ. परवाच्या तिसऱ्यात जळलेल्या जागेच्या कडेला, रक्तवाहिनीच्याच बाजूला, एक ठिपका दिसतोय. मसुरीच्या दाण्याएवढा. सर्जन म्हणाला होता तसंच झालं. दुसरीकडे काही नाही.

दोघं डॉक्टर बोलले. परत सुईच. या वेळी दुसऱ्या बाजूने शिरणार आहेत. सुईवाल्या डॉक्टर म्हणाल्या, "आजी, लहान असतानाच सापडलं, तुम्ही तपासणी चुकवली नाहीत म्हणून." आता त्यांनी आजी म्हटलेलं मला खटकत नाही. त्या दर शनिवारी माझ्या बॅचला येतात आणि पाणी कमरेला लागलं की माझा दंड सोडत नाहीत.

हे मी तुमच्या आधी सूनबाईला सांगितलं. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरूनच फोन लावला. ती पुलावर होती. म्हणाली, "तारीख कळली की सांगा, मी दोन दिवस आधी येते." रडली नाही. मीही नाही. मग तिने विचारलं की काल जेवलात काय आणि खिडकी उघडी ठेवून झोपता का अजून. मी उघडीच म्हटलं. तिने तिकडून कपाळाला हात लावलेला मला ऐकू आला.

मी बरी झाले असं कोणी म्हणत नाही. मीही म्हणत नाही. पुढच्या वर्षी कदाचित सुरी लागेल, कदाचित काहीच लागणार नाही, कदाचित डॉक्टर दोघंही हात वर करतील. पण आज सकाळी सहाच्या बॅचमधल्या एका बाईने पहिल्यांदा तलाव या टोकापासून त्या टोकापर्यंत पार केला. वर आली आणि कठड्याला धरून ढसाढसा रडली. मला त्या क्षणी लिव्हर आहे हेसुद्धा आठवत नव्हतं. असे दिवस बरेच असतात हल्ली. मी मजेत आहे, विहीणबाई. हे कोणाला धीर द्यायला म्हणत नाही.

तुमच्या जावयाची आई

२५ नोव्हेंबर

विहीणबाई,

तुमचं पत्र आज आलं. मला सगळं आधीच माहीत होतं. ठिपका, मसूर, दुसरी बाजू, सगळं. लेकीचा फोन आला होता. या वेळी तिने साइटच्या ऑफिसात जाऊन, दार लावून, सावकाश सांगितलं, म्हणून कळलं.

"आई," म्हणाली, "आमच्या आईंना परत सुई घ्यायची आहे. मी जातेय. तूही ये."

मी म्हटलं, "त्या तुमच्या आई, मग मी कोण?"

"तू आई," ती म्हणाली. "त्या आमच्या आई."

यातला फरक तिला विचारणार होते, पण कोणीतरी तिला हाक मारली आणि ती पुलावर पळाली. मग मशीनवर बसून मीच विचार करत राहिले. फरक काही सापडला नाही. दुपारपर्यंत दोन उश्या शिवून झाल्या, दोन्ही सुलट.

मंगळवारच्या गाडीने निघते. स्टेशनवर कोणी येऊ नका, तुमच्या घराची वाट मला पाठ आहे. खिडकीच्या भांडणात या वेळी मी तुमच्या बाजूने आहे.

तुमच्या सुनेची आई